गोदाचा डावा हात

यंत्रानं मला खोटारडी ठरवलं त्या दिवशी सकाळपासून माझे तीन ब्लाउज उसवून झाले होते आणि डोकं आधीच तापलेलं होतं.

खोटारडी असं ते तोंडानं म्हणालं नाही म्हणा. हल्लीची यंत्रं फार सभ्य. पडद्यावर निळ्या अक्षरांत एवढंच उमटलं : ‘साक्षीदार क्रमांक दोन. आठवण ऐकीव.’

“ऐकीव म्हणजे काय गं?” मी ओजूला विचारलं.

ओजू, म्हणजे ओजस्वी, माझी नात. वय सव्वीस. पुण्यात हरवलेले जुने सिनेमे पुन्हा उभे करायचं काम करते. त्या दिवशी ती विट्याला माझ्या शिलाईच्या दुकानात, मशीनशेजारी स्टूल टाकून बसली होती आणि तिची ती तारांची टोपी माझ्या डोक्यावर होती. उत्तर द्यायच्या आधी तिनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. तेव्हाच मी ओळखलं, बातमी काही धड नाही.

“ऐकीव म्हणजे... तू तो सिनेमा बघितलेला नाहीस, आज्जी. कुणाकडून तरी गोष्ट ऐकलीस आणि चित्रं मनानं रंगवलीस. असं यंत्राचं म्हणणं आहे. माझं नाही.”

“चौदा वेळा बघितलाय मी तो.”

“मला माहितीये.”

“मग सांग की त्याला!”

तो सिनेमा म्हणजे ‘सवाल गोदेचा’. तुम्ही नाव ऐकलं नसेल, त्यात तुमची चूक नाही. काळा-पांढरा, साधा, आमच्याकडच्या बोलीतला. त्याची एकही प्रत आता जगात उरलेली नाही. रिळं कुठल्याशा गोदामात पडून पडून आंबली. आंबली म्हणजे खरोखरच आंबली. जुनी फिल्म कुजायला लागली की तिला आंबूस वास सुटतो, असं ओजू सांगते. वाचलं काय, तर आवाजाची पट्टी, एकतीस फोटो आणि गाण्यांची चोपडी. चोपडीत सिनेमाची गोष्ट छापलेली होती, पण त्या चोपड्यांची रीत अशी की ऐन वेळी लिहायचं, ‘पुढील कथा रुपेरी पडद्यावर.’ पुढं पडदाच नाहीसा झाला.

गोदा ही पाटलाच्या घरी भाकऱ्या थापणारी पोर. मास्तरांच्या खिडकीखाली उभी राहून चोरून अक्षरं शिकते. तिच्या बापाची विहीर पाटलाला हवी असते. शेवटच्या रिळात चावडीवर सगळा गाव जमतो, पाटील कागद पुढं करतो आणि म्हणतो, “कर अंगठा.” इथपर्यंत आवाजाच्या पट्टीवर सगळं स्वच्छ ऐकू येतं. त्यानंतर दीड मिनिट नुसती हलगी वाजते. कुणी चकार शब्द बोलत नाही आणि सिनेमा संपतो. गोदानं काय केलं ते ऐकायचं नव्हतंच, बघायचं होतं.

बघितलेली माणसं शोधून शोधून दोन सापडली. एक मी. दुसरे आमच्याच गावचे, शेरेवाडीचे, शामराव पिसाळ, वय पंच्याऐंशी. पण शामराव रोज शेवटच्या रिळाला उठून जायचे. गर्दी फुटली की सायकल सापडायची नाही म्हणून! त्यामुळं शेवटाची साक्षीदार मी एकटी.

आता ती टोपी काय करते ते सांगते, ओजूनं मला समजावलं तसंच. ओळखीचं काही डोळ्यांसमोर आलं की मेंदूत विजेची एक बारीक लाट उठते. सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्शातच. तोंडानं ‘हे मी बघितलंय’ म्हणायच्याही आधी. ही लाट उठवू म्हणून उठत नाही आणि दाबू म्हणून दबत नाही. यंत्र आवाजावरून आणि फोटोंवरून एकेका प्रसंगाची शेकडो चित्रं अंदाजानं बनवतं आणि तुमच्या डोळ्यांपुढून भराभर नेतं, एकेक पापणी लवायच्या आत. ज्या चित्राला लाट मोठी, ते खऱ्याच्या जवळचं. मग त्याच्या जवळपासची आणखी शंभर बनवायची, पुन्हा लाटा बघायच्या. गिऱ्हाइकाच्या अंगावर ट्रायल घेत घेत ब्लाउज बसवावा, तसा सिनेमा बसवत न्यायचा. डोक्यात सत्तर वर्षं पडून राहिलेलं चित्र असं टाक्याटाक्यानं बाहेर येतं.

शामरावांच्या लाटा उंचच उंच. त्यांच्या जिवावर नऊ रिळं उभी राहिली. माझ्या मात्र सगळ्या लाटा अर्ध्या. नाहीत असं नाही, पण अर्ध्या. नुसतं वर्णन ऐकून मनात चित्र रंगवणाऱ्या माणसाच्या लाटा अशाच येतात म्हणे. म्हणून मी ऐकीव.

“बरं, मग आता?” मी म्हटलं.

“शुक्रवारी शेवटचं रीळ बंद होणार. साक्षीदार नसला तर यंत्र ते अंदाजानं पूर्ण करतं. त्या काळातल्या शेकडो सिनेमांचे शेवट त्याला पाठ आहेत.”

“मग गोदाला काय करायला लावणार आहे ते?”

ओजू खाली बघत म्हणाली, “अंगठा. अंगठा करून ती पाटलाच्या पायावर डोकं ठेवते. पाटलाला पाझर फुटतो आणि तो विहीर परत देतो.”

“पाझर? त्या मुडद्याला?” माझ्या हातातली कात्री पाटावर आपटली. “अगं, तिनं अंगठा केलाच नाही! शाईची डबी बाजूला सारली, पेन उचललं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. डाव्या हातानं.”

“काय लिहिलं?”

“ते कुठलं वाचायला आलं! सात वर्षांची होते, नुकती पहिलीत. अक्षरं ओळखीची वाटायची, पण लागायची म्हणून नाहीत. सुरुवातीच्या नावांच्या पाट्याही तशाच. पण लिहिलं. हे या डोळ्यांनी बघितलंय.”

‘डाव्या हातानं’ म्हटल्यावर ओजूचा चेहरा कसानुसा झाला. का, ते सांगायला हवं.

मी जन्माची डावखुरी. लहानपणी डाव्या हातानं घास घेतला की आई लाटण्यानं बोटांवर मारायची. शाळेत मास्तर डावा हात कमरेला बांधून ठेवायचे. मग त्या वर्षी जत्रेत तंबूतला सिनेमा आला. बायकांच्या दारावर माझी आत्या उभी असायची, म्हणून मला रोज फुकट. आणि पडद्यावर बघते तर काय, गोदा डाव्या हातानं भाकरी थापतेय, डाव्या हातानं पाटीवर गिरवतेय! चौदा खेळ बघितले आणि पंधराव्या दिवशी आईपुढं उभी राहिले. “गोदाला चालतं, मग मला का नाही?” आईनं कपाळावर हात मारून घेतला, पण पुन्हा लाटणं काही उगारलं नाही. त्याच डाव्या हातात कात्री धरून मी साठ वर्षं कापड कापलंय.

ओजूही माझ्यावरच गेली. चार वर्षांची असताना सत्यनारायणाच्या प्रसादाला तिनं डावा हात पुढं केला आणि कुणीतरी फटका मारला. रडत माझ्याकडं आली. मी मांडीवर घेऊन तिला गोदा सांगितली. त्यानंतर किती वेळा सांगितली असेल, मोजदाद नाही. कधीतरी हिच्या शेजारी बसून हिला ती एकदा दाखवायची, एवढीच माझी हौस होती. या पोरीनं हे असलं काम निवडलं तेही त्यामुळंच, असं मी आपली मनात धरून होते.

ती माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “आज्जी, रागावू नकोस. नऊही रिळांत गोदा सगळं उजव्या हातानं करते. भाकरी, पाटी, सगळं. ती डावखुरी होती, हे तू माझ्यासाठी रचलं होतंस ना? मला वाईट नाही वाटणार. उलट...”

“टोपी काढ,” मी म्हटलं.

“आज्जी...”

“टोपी काढ आणि जेवून जा. आमटी गरम आहे.”

ती जेवली आणि पुण्याला गेली. मी जेवले नाही. यंत्रानं ऐकीव म्हटलं त्याचं काही नव्हतं. पण माझ्याच हाताखाली वाढलेल्या पोरीनं, तेही इतक्या मायेनं, मला खोटं ठरवावं हे फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून शामरावांकडं गेले. ते आता विट्यातच लेकाकडं असतात. पाय गेलेत, जीभ शाबूत आहे. खुर्चीला चाकं बसवून घेतलीत आणि ती खुर्ची तोंडानं सांगितलं की चालते, त्यामुळं दिवसभर तिच्यावरच हुकूम सोडत असतात.

“या वच्छलाबाई! ऐकीव साक्षीदार!” मला बघताच ते हसले.

“बातमी पोचली वाटतं. शामदा, खरं सांगा. गोदा डावखुरी होती का नव्हती?”

“अगं उजवी होती ती. चांगली उजवी. मी पार पुढं बसून बघितलीय.”

“मीपण पुढंच बसून बघितलीय.”

“तू कुठली पुढं? बायका मागं असायच्या, पडद्याच्या मागं.”

“मागं तुम्ही बसायचा! बापयांची बाजू मागची. आमची पुढची.”

“काय बोलतेस, वच्छे! बापय कधी मागं बसतील होय?”

“आणि आमची आत्या बायकांना मागं बसवून घेईल होय? तिकीट सारखंच होतं म्हटलं!”

तंबूत पडदा मधोमध असायचा, हे नव्या लोकांना ठाऊक नसेल. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. पडद्याचं कापड पातळ, पाणी मारून ओलं करायचे, म्हणजे चित्र दोन्हीकडून दिसायचं. लहानपणी मी अशी समजूत करून घेतली होती की आपली बाजू खरी आणि पलीकडं बसलेल्या बिचाऱ्या बापयांना मागून बघावं लागतं. पुढच्या वर्षी तंबू आलाच नाही आणि ती समजूत मनात तशीच राहून गेली. आम्ही दोघं म्हातारे तासभर तेवढ्यावरून भांडलो. शेवटी त्यांची सून चहा घेऊन आली, तेव्हा कुठं थांबलो. तोडगा काही निघाला नाही. मी आपली फणफणत दुकानात परत आले.

दुपारी एका बाईनं पांढरी मलमल आणून दिली होती, तिच्या सासूच्या पेटीत निघालेली. तिला पोलक्याला अस्तर हवं होतं. आता ब्लाउज शिवून घ्यायला माझ्याकडं कोण येतंय? चौकातल्या खोलीत उभं राहिलं की यंत्र अंगाचं माप घेतं आणि वीस मिनिटांत शिवून देतं. पण जुनं कापड त्या यंत्राला कळत नाही, म्हणून असली कामं माझ्याकडं येतात. कापड हातात आलं की पहिलं बघायचं उलट-सुलट. साठ वर्षांची सवय. मलमल इतकी तलम की बोटांना कळेना, म्हणून दारात जाऊन उजेडापुढं धरली.

काठावर गिरणीचं नाव छापलेलं होतं, आरपार दिसणारं. अक्षरं ओळखीची वाटत होती, पण लागत नव्हती.

मी तिथंच उभी राहिले. कापड फिरवलं. ‘कृष्णाई मिल’. पुन्हा फिरवलं. ओळखीची अक्षरं, पण लागेनात. सिनेमाच्या सुरुवातीला दिसायच्या तश्शा पाट्या.

“अगं बाई गं,” मी म्हटलं आणि खाली बसले.

उलटी बाजू! जन्मभर दुसऱ्यांच्या कापडाची उलट-सुलट सांगत आले आणि आयुष्यातला एकच पडदा, तो उलट्या बाजूनं बघून आले. शामराव पुढं होते. मी मागं होते. गोदा भाकरी थापत होती ती उजव्या हातानं, पाटीवर गिरवत होती ती उजव्या हातानं. चारचौघींसारखी उजवी बाई होती ती. माझ्यासारखी नव्हतीच कधी.

रडू आलं. एकोणऐंशीव्या वर्षी, दुकानात, दार सताड उघडं असताना मी ढसाढसा रडले. आईपुढं उभी राहिले ती कुणाच्या जोरावर? आणि ओजूला मांडीवर घेऊन मी काय सांगत आले?

बऱ्याच वेळानं डोकं चालायला लागलं. मी गप्प बसले तर? तर कुणाला काही कळणार नव्हतं. माझी गोदा डावखुरीच राहील, माझ्यापुरती. ओजू समजेल आज्जीनं मायेपोटी रचलं. मात्र शुक्रवारी ते यंत्र गोदाचा अंगठा शाईत बुडवेल आणि तिचं डोकं पाटलाच्या पायावर ठेवेल. यापुढं जो कोणी बघेल, त्याच्यासाठी गोदा तेवढीच. आणि मी सांगितलं तर गोदा वाचेल, पण उजवी होऊन.

रात्रभर काही सुचलं नाही. सकाळी आंघोळ करून देवापुढं दिवा लावताना लक्षात आलं की काडी माझ्या डाव्या हातात आहे. गोदा उजवी निघाली म्हणून माझा हात काही बदलला नव्हता. मी ओजूला फोन लावला.

ओजूनं सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे तू रचलं नव्हतंस,” ती म्हणाली.

“नाही गं बाई.”

“आणि ती डावखुरीही नव्हती.”

“नव्हती.”

“मग मी त्या सगळ्यांपुढं डावा हात पुढं करत राहिले, ते कुणाच्या जोरावर?”

“माझ्या. आणि मी त्या पडद्याच्या उलट्या बाजूच्या. आता काय करतेस?”

फोनवर आधी हुंदका आल्यासारखं वाटलं, मग कळलं की पोरगी हसतेय. हसता हसताच म्हणाली, “आज्जी, मला माफ कर. मी आत्ताच्या आत्ता निघते.”

ती दुपारी टोपी घेऊन हजर. मशीनवरचं कापडसुद्धा उचलू दिलं नाही. सगळी चित्रं आरशातल्यासारखी फिरवली आणि माझ्या डोळ्यांपुढून सोडली. मला नुसतं भिरभिरलं. ओजू मात्र तिच्या पडद्याकडं बघत मटकन स्टुलावर बसली.

“शामआजोबांपेक्षा उंच,” ती म्हणाली. “सगळ्या लाटा. एकूण एक.”

मग तिनं मला अर्ध्या लाटेचं कोडं सांगितलं. मेंदू डावं-उजवं फारसं मनावर घेत नाही म्हणे. वाघ डावीकडून आला काय नि उजवीकडून आला काय, वाघच. पळायचं तर आहेच. त्यामुळं ओळखीचं चित्र उलटं करून दाखवलं तरी मेंदू ओळख देतो, पण पुरती नाही, अर्धीच. यंत्राला अर्ध्या लाटेचं एकच कारण शिकवलेलं होतं, ऐकीव. पडद्याच्या मागं बसून सिनेमा बघणाऱ्या बायका जगात होत्या, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

“आणि तुम्हालाही नव्हतं,” मी टोमणा मारला.

“आम्हालाही नव्हतं. आता नियमात लिहून ठेवते.”

शेवटच्या रिळाला दोन दिवस लागले. चावडी, पाटील, शाईची डबी. मी सांगितलं तसंच सगळं निघालं. कागदावरच्या अक्षरांशी आल्यावर यंत्रानं माझ्यापुढून नुसत्या रेघा नेल्या, वळणं, काने, वेलांट्या, सगळं उलटं आणि सगळं क्षणभर. मला काहीएक वाचता येईना. पण माझं डोकं त्यातलं एकेक वळण निवडत गेलं. जे मी सातव्या वर्षी वाचू शकले नाही, ते मी बहात्तर वर्षं जसंच्या तसं सांभाळून ठेवलं होतं. शुक्रवारी सकाळी ओजूनं ती अक्षरं सुलट केली, वाचली आणि तोंडावर हात ठेवला.

“काय लिहिलंय गं?” मी विचारलं.

ती डोळे पुसत म्हणाली, “पुढील कथा रुपेरी पडद्यावर.”

“वात्रट!”

“तूच जन्मभर मला ताटकळत ठेवलंस. आता तू थांब.”

चैत्रात शेरेवाडीच्या जत्रेत पहिला खेळ ठेवला. पडदा मी शिवला. ओजू म्हणाली, पडदे तयार मिळतात. पण ते जाड, पलीकडं काही दिसू देत नाहीत. मी मलमलीचे सात पन्हे दुमडशिलाईनं जोडले, शिलाई डोळ्याला दिसणार नाही अशी. माळावर दोन बांबूंच्या मधे तो ताणला आणि दिवस मावळल्यावर त्याच्यावर पाणी मारलं. सतरंज्या दोन्हीकडं घातल्या.

ओजूचे दहा-बारा मित्रमैत्रिणी पुण्याहून आले होते. हल्लीची ही पोरं आपापल्या चष्म्यात आपापला सिनेमा बघतात. कंटाळा आला की चष्म्याला कळतं आणि तो भाग तो आपोआप गाळतो. एकच सिनेमा बघितलेली दोघं भेटली तर त्यांचे शेवटसुद्धा वेगळे असतात. सगळ्यांचे चष्मे ओजूनं एका टोपलीत जमा करून घेतले. त्यातला एक उंचेला मुलगा मला म्हणाला, “आजी, स्लो असला तर झोप येईल हां.”

“झोप की,” मी म्हटलं. “आमच्या तंबूतसुद्धा निम्मी गर्दी घोरायची. जागं झालं की शेजारणीला विचारायचं, काय झालं म्हणून.”

शामराव खुर्चीवर बसून पुढच्या बाजूला गेले. होय, पुढच्या. एवढं तरी मला आता कबूल करावं लागतं. मी माझ्या बाजूला सतरंजीवर बसले. ओजूनं यंत्र चालू केलं आणि माझ्या शेजारी येऊन टेकली.

“तू तिकडं जा की. सुलट दिसेल. तुझंच काम आहे ते.”

“ते मी शंभरदा बघितलंय,” ती म्हणाली. “मी माझी गोदा बघायला आलेय.”

पाट्या सुरू झाल्या. ओळखीची अक्षरं, लागत नव्हती. मग गोदा आली आणि डाव्या हातानं भाकरी थापायला लागली. मी खरं-खोटं सगळं विसरले. ओजू पाय पोटाशी घेऊन बघत होती, चार वर्षांची असल्यासारखी. मधे गाणं जरा लांबलं, तेव्हा तो उंच मुलगा चुळबुळत उठला, आमच्या बाजूला आला, चकित होऊन पाच मिनिटं उभा राहिला आणि पुन्हा तिकडं गेला. मग त्यांच्यात ये-जाच सुरू झाली. इकडं कसं दिसतं, तिकडं कसं दिसतं. झोपलं मात्र कुणी नाही.

शेवटचं रीळ लागलं. मी पडद्यातूनच पलीकडं हाक मारली, “शामदा, सायकल काढायला जाऊ नका!”

“नाही जात! बघू तर दे!”

चावडी भरली. पाटलानं कागद पुढं केला. “कर अंगठा.” हलगी सुरू झाली. गोदानं पाटलाकडं बघितलं, गावाकडं बघितलं आणि शाईची डबी हळूच बाजूला सारली. पेन उचललं. डाव्या हातात. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, मी अक्षरांकडं बघतच नव्हते; त्या हाताकडं बघत होते. ओजूनं माझा हात धरला, डाव्यानं डावा, घट्ट. गोदानं सावकाश लिहिलं, वर रेघ ओढली आणि कागद पाटलापुढं सरकवला.

आणि मग बहात्तर वर्षांनंतर पलीकडून मला उत्तर मिळालं, ते शामरावांच्या चिरक्या आवाजात.

“वच्छे! ए वच्छे! ‘नाही’ लिहिलंय गं तिनं! नाही!”

“डाव्या हातानं लिहिलंय, शामदा!” मी इकडून ओरडले.

त्यांनी नक्कीच भांडायला तोंड उघडलं असणार, पण हलगीच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.